जिना, दार, पाणी

आमच्या मंडळीत हजर माणसांची नोंद पाळकसाहेब ठेवत आणि गैरहजर माणसांची काका ठेवत; सगळे त्यांना काकाच म्हणत. या कामावर त्यांना कुणी नेमलं नव्हतं. मुलुंडच्या एका कारखान्यात ते जन्मभर गेटवर टाइमकीपर होते. कारखाना बंद पडला, त्या जागेवर टॉवर उभे राहिले, पण यांची हजेरी घ्यायची खोड काही गेली नाही. कामगार उरले नव्हते, म्हणून ती आमच्यावर आली.

मुलुंडलाच, रेल्वेलाइनपासून दोन गल्ल्या आत आमचं चर्च. चर्च म्हणजे पत्र्याच्या छपराचा लांबट हॉल, टोकाला वेदी आणि वेदीमागे लाकडी क्रूस. आम्ही लुथरन पंथाचे, त्यात मराठी, म्हणजे थोड्यातले थोडे. कुणाचे आजोबा जालन्याकडून आलेले, कुणाचे विदर्भातून, अशी सगळी मिळून चाळीसेक घरं. आमची उपासना साडेआठला आणि दहाला त्याच हॉलमध्ये तेलुगू लोकांची, त्यामुळे पावणेदहाला आम्हाला आटपावंच लागे. हे आटपवायचं कामही काकांनीच अंगावर घेतलं होतं. बारा महिने त्यांच्याजवळ काळी छत्री असे. प्रवचन लांबलं की ते मागच्या बाकावर बसल्या बसल्या छत्री अर्धी उघडून खटकन मिटत. तरुण संघातली मुलं कुजबुजत, "भोंगा झाला." नवीन आलेल्या पाळकसाहेबांना पहिल्या रविवारी हा निषेध वाटला आणि ते बिचारे वाक्य अर्धवट टाकून प्रार्थनेवर आले.

मागच्या बाकावर, दाराशी, खाकी शर्ट घालून काका बसत. डाव्या खिशात तीन पेन्सिली. त्यांचं लक्ष व्यासपीठाकडे कधीच नसे, ते बाकांवर असे. आमच्याकडे ज्याची त्याची जागा ठरलेली असते, त्यामुळे कुणी आलं नाही की पडलेल्या दातासारखी फट दिसते. ती दिसली की पेन्सिल बाहेर निघे आणि वहीत नाव पडे. पेन ते वापरत नसत. "माणसं हलतात गं," ते म्हणायचे, "शाई हलत नाही." आणि उपासनेला नसलेला माणूस दुपारी घरी जेवायला बसला की दाराची बेल वाजायची.

फोन ते कधी करत नसत. फोनवर माणूस काहीही सांगतो, असं त्यांचं म्हणणं. कमिटीतले एक बँकवाले एका रविवारी सहकुटुंब लोणावळ्याला गेले होते. संध्याकाळी परत आले तर हे त्यांच्या जिन्यात छत्री मांडीवर घेऊन बसलेले. "चौघं दिसलात, झालं," एवढं बोलून ते उठले आणि खाली उतरले. बँकवाल्यांना त्याचा फार राग आला होता, आणि तो त्यांनी जपून ठेवला.

खरं सांगायचं तर रागच यावा असा तो माणूस होता. लग्न केलेलं नाही, पुतण्याकडे राहायचं, आणि दिवसभर लोकांची दारं वाजवायची. लग्न का केलं नाहीत असं कुणी विचारलं तर म्हणत, "माझी शिफ्ट कुणाशी जुळली नाही." नाताळच्या प्रीतिभोजनाला मटणाचं पातेलं उतरलं की हे सगळ्यांच्या आधी डबे घेऊन उभे. जे येऊ शकले नाहीत त्यांचे डबे आधी भरायचे, मग पंगत. महिला मंडळाच्या बायका करवादत, "अहो काका, आलेल्यांना तरी आधी वाढू द्या ना." तर म्हणत, "आलेल्यांना देव आहे, पाळक आहेत, मटण आहे. न आलेल्यांना कोण आहे?" यावर उत्तर नसे, पण भूक लागलेल्या माणसाला उत्तर नसलं की जास्तच राग येतो.

आम्हा पाच-सहा जणांना त्यांनी भेटींच्या कामाला जुंपलं होतं. घरं स्टेशनांप्रमाणे वाटली होती. माझं ऑफिस चेंबूरला, म्हणून कुर्ल्यापासून मानखुर्दपर्यंतची चार घरं माझ्या गळ्यात पडली. कुणाकडे जाऊन आलं की रविवारी उपासनेनंतर, चहाच्या वेळी, झडती व्हायची. प्रश्न तीन. जिना किती? दार कुणी उघडलं? पाणी दिलं का?

मला सुरुवातीला हे खुळचटपणाचं वाटायचं. मग लक्षात आलं की न जाता या तीन प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत. जिने चढल्याशिवाय मोजता येत नाहीत. दार सून उघडते की म्हातारी भिंतीला धरत स्वतः येते, यावरून घरातलं अर्धं कळतं. पाण्याचं त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. "पाणी दिलं तर त्या घराचं बरं चाललंय. नाही दिलं तर कुठेतरी दुखतंय. तिथं पुढच्या आठवड्यात परत जायचं. देईपर्यंत जायचं."

"विसरले असतील तर?" मी म्हणाले.

"दारात माणूस आल्यावर पाणी द्यायला कुणी विसरत नाही. देत नाहीत तेव्हा देत नाहीत."

हे सगळं त्यांच्या डोक्यात कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. भांडुपला एका आजारी माणसाकडे आम्ही दोघं गेलो होतो आणि दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर ते दम खायला बसले होते. कारखान्यात एकदा शेडची भिंत पडली. टाइमकीपर म्हणून यांनी कार्डं मोजली, बाहेर आलेली माणसं मोजली, आकडा जुळला. शोधाशोध थांबली. एका कामगाराने त्या सकाळी घाईत कार्डच पंच केलं नव्हतं. संध्याकाळी त्याची बायको गेटवर आली.

"मी कार्ड पाहिलं आणि तिला म्हटलं, तो आज आलाच नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. आलेला होता," ते म्हणाले, आणि छत्री टेकत उठून पुढचा जिना चढायला लागले. मी मागून गेले.

ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळच्या तयारीच्या चार आठवड्यांच्या, आधीचा रविवार आमच्याकडे स्मरणाचा असतो. चर्चचं वर्ष त्या दिवशी संपतं. वर्षभरात मंडळीतलं जे कुणी वारलं असेल त्यांची नावं वाचतात. एक नाव, घंटेचा एक ठोका आणि वेदीवर एक मेणबत्ती. उपासना झाली की ज्याची त्याची मेणबत्ती घरचं माणूस घेऊन जातं. ही नावं वाचायचा मान काकांचा होता. त्या एका दिवशी ते खाकी सोडून पांढरा शर्ट घालत, आणि त्या एका कामासाठी त्यांच्याकडे दुसरी, जाड पुठ्ठ्याची वही होती, जिच्यात नावं शाईने लिहिलेली असत. आवाज घोगरा, वाचणं सावकाश. घंटेचा नाद पुरता विरल्याशिवाय पुढचं नाव घेत नसत. एखादी मेणबत्ती न्यायला कुणीच आलं नाही तर ती ते स्वतः त्या घरी पोचवत. घर शोधून काढत, शेजाऱ्यांच्या हातात देत, पण पोचवत. शाईच्या वहीत नाव घालायचा नियमही ठरलेला होता. आपल्यापैकी कुणीतरी त्या घरी जाऊन पाहिल्याशिवाय नाव घालायचं नाही.

तो नियम मोडला, आणि तो माझ्यामुळे मोडला.

वेदीवरची कापडं मार्थाबाईंनी शिवलेली. लेंटचं, म्हणजे इस्टरआधीच्या उपवासकाळाचं, जांभळं, सणांचं पांढरं, एरवीचं हिरवं, सगळं त्यांच्या हातचं. शिवायच्या, धुवायच्या, इस्त्री करायच्या. शवपेटीवर घालायची मोठी पांढरी चादरही त्यांचीच, कडेने बारीक क्रूस भरलेली. घाटकोपरला नाल्याकाठी त्यांची झोपडी होती. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. रस्ता रुंद करताना झोपडी गेली आणि बदल्यात त्यांना मानखुर्दला पुनर्वसनाच्या इमारतीत सातव्या मजल्यावर खोली मिळाली. लिफ्ट थोडे महिने चालली आणि बंद पडली ती पडलीच. गुडघे आधीच गेलेले. आधी दर रविवारी येत, मग महिन्यातून एकदा, मग दिसेनाशा झाल्या. कापडं लॉन्ड्रीत जायला लागली.

त्या वर्षी माझी आई आजारी होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, ऑफिस, परत हॉस्पिटल. सप्टेंबरात ती गेली. नोव्हेंबरात स्मरणाच्या रविवारची यादी होत होती आणि काकांनी मला सांगितलं, "मानखुर्दला जाऊन ये गं. मार्थाबाई आठ महिन्यांत दिसल्या नाहीत." माझ्या ऑफिसपासून मानखुर्द हाकेच्या अंतरावर. मी रोज ठरवायचे आणि रोज घरी जायचे. घरी तरी काय होतं, आईची रिकामी कॉट. शेवटी शनिवारी मी फोन केला. मार्थाबाईंकडे फोन नव्हता, शेजाऱ्यांचा नंबर होता. एका माणसाने उचलला. "वो चर्चवाली आंटी? वो तो ऑफ हो गयी ना, गणपती के टाइम," तो म्हणाला आणि मागे टीव्ही मोठ्याने चालू होता. त्याच मजल्यावरची दुसरी एक ख्रिस्ती म्हातारी वारली होती, हे मला कळायचा प्रश्नच नव्हता, कारण मी तिथे नव्हतेच.

रविवारी चहाच्या वेळी काका वही घेऊन आले. "मानखुर्द?"

"जाऊन आले," मी म्हणाले. "मार्थाबाई वारल्या. गणपतीच्या सुमारास."

"दोन महिने झाले, आणि आपल्याला माहीत नाही," ते म्हणाले. मग त्यांनी नेहमीप्रमाणे पेन्सिल उचलली. आता जिना विचारतील म्हणून मी मनात आकडा तयार ठेवला होता; त्या नव्या घरी मी कधी गेलेच नव्हते, तीन म्हणायचं ठरवलं होतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी आईच्या दुखवट्याची काळी साडी नेसले होते. त्यांनी वही मिटली.

"तुझं आधीच बरंच झालंय," ते म्हणाले. "बस जरा. चहा घे."

मला सुटल्यासारखं वाटलं. आज ते आठवलं की स्वतःची किळस येते.

स्मरणाच्या रविवारी पाच नावं होती. चौथं आईचं, पाचवं मार्थाबाईंचं. आईच्या नावाला मी रडले, माझा भाऊ रडला, मागची दोन बाकं रडली. पाचव्या नावाला घंटा वाजली, मेणबत्ती लागली, आणि हॉल शांत होता. वेदीवर मार्थाबाईंचंच पांढरं कापड होतं. उपासना संपल्यावर मी आईची मेणबत्ती घेतली. पाचवी तिथेच राहिली. काकांनी ती विझवली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पिशवीत घातली.

"काका, राहू द्या. तिथे कोणी नाही त्यांचं," मी म्हणाले.

"शेजारी असतील की. तू गेलीस तेव्हा दार उघडलंच असेल ना कुणीतरी."

तेव्हा सांगता आलं असतं. ती मेणबत्ती अजून मुलुंडमध्येच होती. पण माझ्या हातात आईची मेणबत्ती होती, भोवती लोक सांत्वन करत होते, आणि मी खोटं बोलले असं तिथे उभं राहून म्हणायला माझी जीभ उचलली नाही. ते छत्री घेऊन निघाले.

पुढच्या रविवारी कमिटीची बैठक होती. ते उभे राहिले आणि म्हणाले, "मार्थाबाई हजर आहेत. मजला सातवा. दार त्यांनीच उघडलं."

कुणाला काही समजेना. समजलं तेव्हा एक जण हसला आणि मग त्याने खोकल्याचं सोंग केलं. बँकवाले म्हणाले, "म्हणजे जिवंत बाईचं नाव वाचलं आपण? घंटा वाजवून?"

"हो."

"शहानिशा कुणी केली होती?"

मी कोपऱ्यात चहाचे कप भरत होते. माझा हात थांबला. ते माझ्याकडे बघतील असं वाटलं, पण त्यांनी बघितलं नाही.

"मी विचारलं नाही," ते म्हणाले. "विचारायला हवं होतं. चूक माझी."

बँकवाल्यांनी बरंच सुनावलं. एका माणसाच्या वहीवर मंडळी चालते का, आजच्या काळात हे शोभतं का. ठराव झाला. सगळी नावं कॉम्प्युटरवर चढवायची, भेटींची वही कमिटीच्या ताब्यात, आणि स्मरणाच्या रविवारी नावं पाळकसाहेब वाचतील. काकांनी पेन्सिलची वही टेबलावर ठेवली. शाईच्या वहीची कुणाला आठवण झाली नाही. बाहेर पडताना ते माझ्यापाशी थांबले. मला वाटलं, आता बोलतील. "घरी बरं आहे ना गं?" एवढंच विचारलं.

माणसाकडून एकच गोष्ट काढून घ्यायची असेल तर त्यांच्याकडून ही हजेरीच काढून घेता आली असती, आणि ती मी काढून घेतली होती. ते येत राहिले, त्याच बाकावर बसत राहिले, पण हात गुडघ्यांवर आणि नजर खाली. छत्री वाजेना. प्रवचनं लांबायला लागली आणि तेलुगू मंडळी बाहेर उन्हात चपला हातात घेऊन ताटकळायला लागली. कॉम्प्युटरच्या यादीत 'इनअ‍ॅक्टिव्ह' असा एक रकाना होता. त्यात वर्षभरात सहा घरं गेली. त्यांच्याकडे कुणी गेलं नाही, कारण रकाना भरला की काम झाल्यासारखं वाटतं.

गुरुवारी मात्र काका मानखुर्दला जात. महिला मंडळाकडून त्यांनी वेदीची कापडं मागून घेतली. एका गुरुवारी नेऊन द्यायची, पुढच्या गुरुवारी इस्त्री केलेली परत आणायची. बायकांना बरंच झालं, लॉन्ड्रीची कटकट गेली. सत्तरी ओलांडलेला माणूस कुर्ल्याला गाडी बदलून, सात मजले चढून, कापडांचं गाठोडं घेऊन जातोय यात कुणाला काही वाटलं नाही. मी एकदा धीर करून म्हणाले, "काका, या गुरुवारी मी येऊ तुमच्याबरोबर?"

"माझ्याबरोबर आलीस तर ती माझी भेट झाली," ते म्हणाले. "तुझी तू जा."

त्यांना माझं खोटं कळलेलं होतं का, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. सातवा मजला स्वतः चढून आलेल्या माणसाला कळलं नसेल असं मानणं कठीण आहे. मी जाणार होते. त्यांना सांगणारही होते. इस्टरला सांगू, नाताळला सांगू, असं करत तीन वर्षं गेली. दर रविवारी उपासनेच्या सुरुवातीला आम्ही सगळे मिळून पापं कबूल करतो. मीही करायचे, मोठ्याने. सगळ्यांबरोबर कबूल करणं फार सोपं असतं.

या फेब्रुवारीत, एका बुधवारी दुपारी, पुतण्याच्या घरी खुर्चीत पेपर वाचता वाचता ते गेले. गुरुवारी सकाळी अकराला दफन ठरलं. शवपेटी चर्चमध्ये आली आणि पेटीवर घालायची पांढरी चादर सापडेना. कपाट रिकामं केलं, वेदीमागची पेटी उघडली, कुठेच नाही. बँकवाले चिडून म्हणाले, "एक चादर सांभाळता येत नाही लोकांना." शेवटी पुतण्याच्या बायकोने घरून पलंगावरची चादर आणली. फिकट निळी फुलं होती तिच्यावर. ती घालून त्यांना नेलं. वाटेत महिला मंडळातली एक बाई हळूच म्हणाली, "अगं, चादर इस्त्रीला गेलीय. आज गुरुवार ना, आज आणणार होते ते."

कबरस्तानातून निघताना पाळकसाहेबांनी विचारलं, "मार्थाबाईंना कोण कळवणार?" कुणीतरी मोबाइल काढला, यादीत नंबर होता. "फोन नको," मी म्हणाले. "मी जाते." पुतण्याने मला एक कापडी पिशवी दिली. "यात तुमच्या चर्चचं काहीतरी आहे," तो म्हणाला.

सात मजले मी मोजत चढले. तिसऱ्यावर थांबले, पाचव्यावर थांबले. माझं वय काकांहून पंचवीस वर्षांनी कमी, तरी थांबले. दार लोटलेलं होतं. मी वाजवलं तेव्हा आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि बऱ्याच वेळाने मार्थाबाईंनी स्वतः दार उघडलं. माझ्या आठवणीतल्यापेक्षा त्या पार वाळल्या होत्या.

"तू होय," त्या म्हणाल्या. "त्यांना बरं नाही का? सकाळपासून वाट बघतेय."

कॉटवर पांढरी चादर घडी करून ठेवलेली होती. धूळ बसू नये म्हणून वर जुनं पातळ पांघरलेलं. मी त्यांना सांगितलं. त्या कॉटच्या कडेला बसल्या.

"पुरलं?"

"आज सकाळी."

"मग वर काय घातलं?"

"घरची चादर होती," मी म्हणाले. त्यांनी घडीवरून हात फिरवला, एक टोक सरळच होतं ते पुन्हा सरळ केलं.

"पहिल्यांदा आले ना, तेव्हा हातात मेणबत्ती होती," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, अहो, लाइट आहेत. तर म्हणाले, आज तुमचं नाव वाचलं. मी विचारलं, कोण रडलं? म्हणाले, कोणी नाही. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, सगळे रडले." त्यांनी वरचं पातळ काढून ठेवलं. "पण मी मेले हे त्यांना सांगितलं कुणी, ते काही कळलं नाही मला. किती वेळा विचारलं. एकच पालुपद, मी विचारलं नाही, माझी चूक."

"मी सांगितलं," मी म्हणाले.

मग सगळं सांगितलं. फोन, टीव्हीचा आवाज, 'जाऊन आले' म्हणाले ते, कमिटीत गप्प बसले ते. आईचं काही मधे आणलं नाही. मार्थाबाई माझ्याकडे बघत होत्या.

"तुझं ऑफिस कुठेय?"

"चेंबूरला."

"तेव्हापण तिथेच होतं?"

"हो."

बाहेर व्हरांड्यात मुलं ओरडत होती. खोलीच्या कोपऱ्यात माठ होता, त्यावर स्टीलचा पेला पालथा घातलेला. चढून माझा घसा कोरडा पडला होता. माझी नजर तिकडे गेली, आणि माझ्यामागून त्यांचीही गेली. त्यांनी चादर उचलली आणि माझ्या हातात दिली.

"ही ने. लागेल कुणाला तरी," त्या म्हणाल्या. "उतरताना बघून उतर. चौथ्यावर दिवा नाही."

मानखुर्द स्टेशनच्या बाकावर बसून मी पिशवी उघडली. तीन पेन्सिली आणि शाईची वही. त्या वर्षीचं पान काढलं. शाईने पाच नावं, चौथं आईचं, पाचवं मार्थाबाईंचं. शाई त्यांनी खोडली नव्हती. त्या नावाच्या पुढे, मग खाली, मग पानामागून पानं, पेन्सिलीने बारीक अक्षरात दर गुरुवारची ओळ होती. पहिली त्याच रविवारची. 'जिने सात. दार स्वतः. पाणी दिलं नाही.' पुढचा गुरुवार, 'पाणी दिलं नाही.' त्याच्या पुढचा, तेच. अकराव्या गुरुवारी लिहिलं होतं, 'पाणी दिलं.' त्या ओळीवर पेन्सिल जरा जोरात दाबलेली होती.

पाळकसाहेबांना मी सगळं सांगितलं, कमिटीपुढेही सांगितलं. बँकवाले म्हणाले, "जाऊ द्या ना आता, जुनं कशाला उकरायचं." काकांचं नाव नोव्हेंबरात वाचलं जाईल. ते शाईने मलाच लिहायचं आहे.

गुरुवारी ऑफिस सुटलं की मी मानखुर्दला जाते. मार्थाबाई दार उघडतात, कापडं मोजून घेतात, मागच्या आठवड्याची मोजून देतात. बसायलाही सांगतात कधीकधी. खाली उतरले की मी वही काढते आणि काकांच्याच ओळींखाली त्यांच्याच पेन्सिलीने लिहिते. त्यांना अकरा गुरुवार लागले होते. काल माझा चौदावा होता. जिने सात, दार स्वतः, पाणी दिलं नाही.